बिनमोटरीचे नोझल : अंगणाची स्वच्छता आणि पाण्याचा हिशेब

ग्रामीण घरात नवे साधन येते तेव्हा त्याच्या किमतीची चौकशी प्रथम होते व त्याच्या चारापाण्याची चौकशी मागाहून होते. बैल घेणारा शेतकरी दात पाहतो तसाच घरची वैरणही पाहतो. हीच सावधगिरी यंत्राच्या व अवजाराच्या बाबतीत बाळगली गेली तर पुष्कळ नुकसान टळेल. पाण्याच्या पाइपाच्या टोकाला बसवावयाचे बिनमोटरीचे नोझल हे असेच एक साधन आहे. दुकानात त्याला कोणी जेट म्हणतात, कोणी पाण्याची बंदूक म्हणतात. विजेशिवाय, मोटरशिवाय जोराची धार मिळेल आणि अंगण, ओटा, गोठा, मोरी पाहता पाहता स्वच्छ होईल, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. साधन स्वस्त आहे, हलके आहे व हाताळावयास सोपे आहे. घरोघर नळ पोहोचविण्याचे काम गेल्या काही वर्षांत चालू झाल्यापासून जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांतील पाड्यांवरही त्याची विचारणा होणे स्वाभाविक आहे.

तेव्हा प्रश्न असा की, ग्रामकार्यकर्त्यांनी या साधनाची शिफारस करावी काय? या लेखात मांडावयाचे मत थोडक्यात असे आहे. ज्या घराच्या वर पाणी आहे, ज्या घराची जमीन फरशीची किंवा सिमेंटची आहे आणि ज्या गावाचा पाणीसाठा वैशाखापर्यंत पुरतो, त्या घरी हे नोझल उपयोगी आहे. या तीनपैकी एकही गोष्ट नसेल तर खराटा, फावडे आणि बादली हीच साधने अधिक चांगली होत. या मताची कारणे पुढे दिली आहेत. ती प्रत्येकाने आपल्या घरी मोजून पाहण्यासारखी आहेत.

नोझल काय करते व काय करीत नाही

नोझल पाण्याला जोर देते, ही समजूत चुकीची आहे. नोझल जोर निर्माण करीत नाही; पाण्यात मुळात असलेल्या दाबाचे ते वेगात रूपांतर करते, इतकेच. हा दाब येतो उंचीतून. पाण्याची पातळी पाइपाच्या तोंडापेक्षा जितकी उंच तितका दाब अधिक. १० मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम इतका दाब मिळतो. घराच्या मागे मचाणावर ३ मीटर उंचीवर टाकी ठेवली तर याच्या एक-तृतीयांशाहूनही किंचित कमी दाब हाती येतो. टाकी जमिनीवरच असेल तर नोझल कितीही भारी किमतीचे घेतले तरी त्यातून पाणी ओघळेल. धार लागणार नाही.

अर्धा इंची, १५ मीटर लांबीचा पाइप ३ मीटर उंचीच्या टाकीला जोडला व त्याचे तोंड उघडे ठेवले, तर मिनिटाला सुमारे १० लिटर पाणी पडते. ते सेकंदाला जेमतेम दीड मीटर वेगाने बाहेर येते आणि पायाशीच पडते. त्याच पाइपाला ४ मिलिमीटर छिद्राचे नोझल बसविले तर पाणी मिनिटाला ५ लिटरच्या आसपास येते, परंतु त्याचा वेग चौपटीहून अधिक वाढतो. याचे कारण असे की, उघड्या पाइपात पाणी वेगाने धावत असल्यामुळे बहुतेक सर्व दाब पाइपाच्या आतील घर्षणातच खर्ची पडतो. नोझलने प्रवाह आवळला की घर्षण घटते आणि वाचलेला दाब टोकाशी धारेच्या रूपाने उपयोगी पडतो. निम्म्या पाण्यात चौपट वेग, हा या साधनाचा खरा गुण होय आणि तो मान्य केलाच पाहिजे.

पण त्याची मर्यादाही याच हिशेबात आहे. टाकीतील पाण्याच्या पातळीपेक्षा उंच धार कधीही चढणार नाही. म्हणून छपराची कौले किंवा उंच भिंती बिनमोटरीच्या नोझलने धुता येतील, ही अपेक्षा टाकी डोंगरावर असल्याखेरीज व्यर्थ आहे. विजेवर चालणाऱ्या धुलाई यंत्राशी तर त्याची तुलनाच करू नये. तेथे मोटर पाण्याला शंभर पटींहून अधिक दाब देते. येथे जे आहे ते फक्त उताराचे देणे आहे.

उताराचा मुलूख, पण घर कोठे?

उताराचे देणे म्हटले की जव्हार-मोखाड्याचा मुलूख भाग्यवान वाटावा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. त्या जिल्ह्यातील हे दोन तालुके सह्याद्रीला लागून आहेत. चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, काही वर्षी त्याहूनही पुष्कळ पाऊस पडतो. वैतरणा, पिंजाळ, गारगाई, वाघ या नद्या येथून वाहतात. पावसाळ्यात प्रत्येक उतारावर ओहळ असतो.

तथापि पाणी उताराने खाली जाते, आणि पाडे बहुधा वर माळावर वसलेले असतात. नद्या खोल दऱ्यांतून वाहतात. जमिनीखाली काळा बेसाल्ट खडक आहे. त्यात पाणी मुरते थोडे आणि टिकते त्याहून थोडे. दिवाळीनंतर ओहळ आटू लागतात, माघ-फाल्गुनात विहिरींचा तळ दिसू लागतो आणि चैत्र-वैशाखात झिऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरण्याची पाळी येते. अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरण २०१४ साली मुंबईच्या पाणीपुरवठ्यात सामील झाले. त्या धरणामुळे महानगराला दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाण्याची भर पडते, आणि मुंबई समुद्रकाठी सखल असल्यामुळे त्या पाण्याचा बराचसा प्रवास मोटरविना, उतारानेच होतो. ज्या नियमाने हे पाणी शंभराहून अधिक किलोमीटर दूरच्या शहरात आपोआप जाते, त्याच नियमाने ते धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या पाड्यावर आपोआप येऊ शकत नाही. तेथे ते डोक्यावरूनच आणावे लागते.

म्हणून बिनमोटरीच्या साधनाचा विचार करताना पहिला प्रश्न नोझलचा नसून जागेचा आहे : घराच्या वर पाणी आहे की घराच्या खाली? वरच्या अंगाचा झरा किंवा ओहळ बांधून पाइपाने पाणी खाली आणलेले असेल, किंवा नळयोजनेची उंच टाकी पाड्याच्या वरच्या टेकाडावर असेल, तर त्या पाड्यावर उताराचा लाभ घेता येईल. विहीर दरीत आणि घर माळावर असेल तर नोझलमधून पडणारा प्रत्येक थेंब आधी कोणी तरी चढवून आणलेला असतो. ते कोणी म्हणजे बहुतेक घरांत घरची बाई किंवा मुलगी असते. तिने दोन हंडे आणि एक कळशी घेऊन केलेली चढण पाइपाच्या एका मिनिटात वाहून जाऊ नये, हा या लेखाचा मुख्य आग्रह आहे.

पंचावन्न लिटरचा हिशेब

२०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दर माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घराला या मानाने दिवसाला २७५ लिटर पाणी मिळावे. पिणे, स्वयंपाक, अंघोळ, भांडी, कपडे आणि शौचालय हे सर्व त्यातच आले. उघड्या पाइपाने मिनिटाला १० लिटर या दराने २५ मिनिटे अंगण व गोठा धुतला तर २५० लिटर पाणी गेले. म्हणजे एका सकाळच्या सफाईत कुटुंबाचे जवळजवळ दिवसभराचे पाणी संपले.

नोझल लावल्यास हा खर्च निम्म्यावर येतो. घोडा दाबल्यावरच पाणी सोडणारे व सोडताच बंद होणारे नोझल असेल आणि आधी कोरडी झाडलोट व खरवड करून घेतली असेल, तर प्रत्यक्ष धार दहा मिनिटेच चालते व ५० लिटरमध्ये काम उरकते. उघड्या पाइपाच्या मानाने ही मोठी बचत आहे. परंतु ज्या घरी उघडा पाइप कधीच नव्हता, त्या घरी ही तुलना लागू पडत नाही. तेथे आजवर दोन किंवा तीन बादल्यांत, म्हणजे ३० ते ४५ लिटरमध्ये तेच काम होत आले आहे. अशा घरी नोझल आणणे म्हणजे पाण्याची बचत करणे नव्हे; श्रमाची काहीशी बचत करून पाणी थोडे अधिक खर्च करणे होय. पाणी मुबलक असेल त्या महिन्यांत हा व्यवहार योग्य आहे. फाल्गुनानंतर तो योग्य नाही. जाहिरातीत दिसणारी बचत आणि घरात होणारी बचत यांतील हा फरक ग्रामकार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस स्पष्ट करून सांगावा.

कोठे धार लावू नये

मातीच्या, शेणाने सारवलेल्या अंगणावर धार लावू नये. सारवण ही पातळ कातडी आहे. तिच्यामुळे धूळ बसते, पाय स्वच्छ राहतात आणि खळ्यावर धान्य मातीत मिसळत नाही. वेगाची धार ती कातडी एका धुण्यात सोलून काढते व खाली चिखल होतो. असे अंगण झाडावे, आणि गरजेप्रमाणे पुन्हा सारवावे. कारवीच्या कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंतींचीही तीच गोष्ट आहे. धारेने लिंपण सुटते, कुडात पाणी शिरते आणि ओल्या काठ्यांना कीड लागते. ज्या भिंतींवर लग्नकार्याचे चौक वा इतर चित्रे तांदळाच्या पिठाने काढलेली असतात, त्यांच्याजवळ तर ओला फडकाही नेऊ नये.

जनावरांच्या अंगावर डोळे, कान, नाकपुड्या व कास या ठिकाणी जोराची धार मारू नये. या भागातील डांगी जातीची गुरे अतिवृष्टीत टिकाव धरणारी आहेत. त्यांच्या कातडीतून स्रवणाऱ्या तेलकट द्रव्यामुळे पावसाचे पाणी अंगावरून निथळून जाते, असा पशुपालकांचा अनुभव आहे. अशा गुरांना नित्य धुण्याची गरज नसते. खरारा करणे पुरे.

शेण धारेने वाहवून देणे हा तर दुहेरी तोटा होय. एक जनावर दिवसाला आठ-दहा किलो शेण देते. ते गटारात गेले तर खत गेले आणि दारात माशा आल्या. वरकस जमिनीत नागली व वरई पिकविणाऱ्या शेतकऱ्याला शेणखताची किंमत निराळी सांगावयास नको. आधी फावड्याने शेण उचलून खड्ड्यात किंवा गोबर गॅसच्या कुंडीत टाकावे, मूत्राला वेगळी वाट देऊन ते साठवावे, आणि मग फरशीला चिकटून राहिलेला थर तेवढा धारेने काढावा.

कोठे धार उपयोगी पडते

सिमेंटचा गोठा, फरशीचा ओटा, मोरी, शौचालय, हातपंपाचा किंवा विहिरीचा कट्टा, पाण्याची टाकी आतून धुणे, भाजीच्या जाळीदार पेट्या, ही नोझलची खरी कामे होत. आषाढात लावणीच्या दिवसांत चिखलणीहून परत आलेली अवजारे, नांगराचा फाळ, पॉवर टिलरची चाके, गमबूट व पाय यांवरील चिखल धारेने सहज निघतो. याच दिवसांत पाण्याची ददात नसते. ४० चौरस मीटरच्या छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर १,००० लिटर पाणी पडते. गळती वजा जाता आठशे लिटर हाती लागते. वळचणीला पन्हळ लावून हे पाणी उंच चौथऱ्यावरील पिंपात घेतले तर नळाच्या पाण्याला हात न लावता पावसाळाभर सफाई चालू शकते. धार मंद असेल, पण ओल्या चिखलाला ती पुरते.

ज्या घराला उताराचे पाणी नाही त्यांच्यासाठी पाठीवरचा हातपंप हा एक पर्याय आहे. पिकावर फवारणीसाठी वापरतात तसा १६ लिटरचा, हाताने दांडा मारून दाब देणारा पंप बिनमोटरीचाच असतो, आणि त्याचा दाब ३ मीटर उंचीच्या टाकीपेक्षा कितीतरी अधिक असतो. एका पंपभर पाण्यात शौचालय व मोरी स्वच्छ होते. मात्र हा पंप केवळ सफाईसाठी वेगळा ठेवला पाहिजे. कीटकनाशक किंवा तणनाशक एकदा भरलेला पंप कितीही धुतला तरी घरात, भांड्यांजवळ किंवा गोठ्यात वापरू नये. दोन पंप घेणे शक्य नसेल तर हा पर्याय सोडून द्यावा व बादली घ्यावी.

नळीतून उलट येणारे विष

नोझलच्या संबंधात एक धोका असा आहे की, तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्याची चर्चा होत नाही. गावातील नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. पाणी बंद झाले की उताराच्या मुख्य पाइपातील पाणी खालच्या घरांकडे ओढले जाते आणि वरच्या घरांच्या जोडणीत शोषण निर्माण होते. अशा वेळी वरच्या घरातील पाइपाचे टोक गुरांच्या डोणीत, शेणकाल्याच्या कुंडीत किंवा मोरीत बुडालेले राहिले, तर तेथील घाण पाणी पाइपातून मागे खेचले जाऊन गावाच्या पिण्याच्या पाण्यात मिसळते. एका घरचा निष्काळजीपणा दुसऱ्या दिवशी दहा घरांत हगवणीच्या रूपाने दिसतो.

काही नोझलला साबणाची बाटली जोडलेली असते. धारेच्या वेगामुळे बाटलीतील द्रव आपोआप ओढला जातो. त्या बाटलीत कीटकनाशक, गोचिडाचे औषध किंवा फिनेल भरून फवारण्याचा मोह होतो. हा मोह कटाक्षाने टाळावा. ज्या पाइपातून विष जाते त्याच पाइपातून पाणी उलट फिरले तर परिणाम काय होईल, हे सांगावयास नको.

यावर उपाय सोपे आहेत. पाइप नळाला कायमचा जोडून ठेवू नये. काम संपताच सोडवून, गुंडाळून खुंटीला टांगावा. पाइपाचे टोक कोणत्याही साठलेल्या पाण्यात बुडवू नये. डोण किंवा पिंप भरताना टोक काठाच्या वर वीतभर उंच धरावे. शक्य असेल तेथे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसवावी. सर्वांत चांगले म्हणजे सफाईचा पाइप नळाला न जोडता घरच्या वेगळ्या टाकीला जोडावा.

गोठा धुणाऱ्याने आपल्याही अंगाची काळजी घ्यावी. उंदीर व गुरे यांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा ताप कोकणपट्टीत पावसाळ्यात आढळतो. त्याचे जंतू हातापायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. धारेने उडणारे शिंतोडे तोंडावर व भेगाळलेल्या पायांवर पडतात. म्हणून गमबूट घालावेत, जखम झाकावी व काम झाल्यावर साबणाने हातपाय धुवावेत.

दोन आक्षेप

या विषयावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ज्या तालुक्यात पिण्याच्या पाण्याची वानवा आहे, जेथून लोक दिवाळीनंतर वीटभट्टीवर व बांधकामावर स्थलांतर करतात, तेथे नोझलची चर्चा करणे म्हणजे चैनीची गोष्ट करणे होय. या आक्षेपात तथ्य आहे. पण ते अर्धे आहे. स्वच्छता ही चैन नव्हे. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२ साली झालेल्या बालमृत्यूंनी कुपोषणाचा प्रश्न सर्व राज्यापुढे आणला. वारंवार हगवण लागणाऱ्या मुलाच्या अंगी खाल्लेले अन्न लागत नाही, आणि हगवणीचे मूळ बहुधा घाण हात, घाण पाणी व उघडी घाण यांत असते. ज्या फरशीवर मूल रांगते ती स्वच्छ असणे हा आहाराचाच एक भाग होय. तेव्हा प्रश्न स्वच्छता हवी की नको हा नाही. ती कमीत कमी पाण्यात कशी साधेल, हा आहे.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो. पावसाळ्यात ओहळ दुथडी भरून वाहतात; मग बिनमोटरीच्या फुकटच्या धारेवर निर्बंध कशाला? उत्तर असे की, सवय ऋतू पाहून बदलत नाही. श्रावणात जो हात पाइप उघडा टाकून गप्पा मारीत बसतो, तोच हात चैत्रातही तसेच करतो. शिवाय झऱ्याचे पाणी फुकट असले तरी त्याला वाटेकरी असतात. वरच्या घराने सोडून दिलेले पाणी खालच्या घराच्या टाकीत पोहोचत नाही. उताराच्या योजनेत पाण्याचा दाब सर्वांचा मिळून एकच असतो. एकाने तोंड उघडले की दुसऱ्याची धार मंदावते. यावरून पाड्यापाड्यांत भांडणे होतात, आणि भांडण झालेल्या योजनेची दुरुस्ती कोणी करीत नाही.

ग्रामकार्यकर्त्यांचे काम

ग्रामकार्यकर्त्यांनी या साधनाचा प्रचारही करू नये व निषेधही करू नये. प्रात्यक्षिक करून दाखवावे. १५ लिटरची बादली व मनगटी घड्याळ एवढे साहित्य पुरे. प्रथम उघड्या पाइपाने बादली भरण्यास किती वेळ लागतो ते मोजावे. मग नोझल लावून मोजावे. त्यानंतर तोच ओटा एकदा उघड्या पाइपाने, एकदा नोझलने व एकदा बादली-खराट्याने धुवून पाणी किती लागले ते सर्वांसमोर सांगावे. आकडे गावचे असले म्हणजे गावाला पटतात.

बसविण्याच्या बाबतीतही काही गोष्टी सांगाव्यात. टाकीपासून घरापर्यंतचा मुख्य पाइप एक इंची घ्यावा व शेवटचा थोडाच भाग अर्धा इंची ठेवावा. तेवढ्याच प्रवाहाला पाइपाचा व्यास दुप्पट केल्यास घर्षण जवळजवळ तीस पटीने घटते. म्हणून महाग नोझल घेण्यापेक्षा जाड पाइप घेणे अधिक फायद्याचे ठरते. पाइप सलग उताराने न्यावा. मध्ये उंचवटा राहिल्यास तेथे हवा अडकून प्रवाह खुंटतो. टाकीतून पाणी निघते त्या तोंडाशी बारीक जाळी बसवावी, नाही तर गाळाने नोझल तुंबते. पाइप उन्हात पडू देऊ नये. उन्हाने तो कडक होऊन तडकतो.

धुण्याचे पाणी वाया जाऊ देऊ नये. ओट्याच्या कडेने छोटी चर काढून ते परसबागेकडे वळवावे. अळू, केळ, शेवगा, पपई यांना ते चालते. जव्हार भागात मोगऱ्याची लागवड अनेक शेतकऱ्यांनी केली आहे. घराजवळच्या ताटव्याला गोठ्याच्या फरशीचे पाणी उपयोगी पडेल. साबण किंवा सोडा मिसळलेले पाणी मात्र आळ्यात न सोडता शोषखड्ड्यात सोडावे. पाणी कोठेही आठवडाभर साचून राहता कामा नये, कारण तेवढ्या अवधीत त्यात डास तयार होतात.

शेवटची व सर्वांत महत्त्वाची सूचना अशी. हे साधन घ्यावे की नाही, आणि घेतले तर कोणत्या महिन्यापर्यंत वापरावे, हे त्या घरात पाणी भरणाऱ्या व्यक्तीस विचारून ठरवावे. पाड्याच्या बैठकीत हा विषय निघाल्यास प्रथम स्त्रियांना बोलू द्यावे. कोणत्या पंधरवड्यात झिरा आटतो, कोणत्या घरचा हंडा उशिरा भरतो, हे त्यांना कोणत्याही नोंदवहीपेक्षा अधिक अचूक ठाऊक असते. त्यांच्या सांगण्यावरून पाड्याने एक तिथी ठरवावी व त्या दिवसापासून पुढचा पाऊस येईपर्यंत सफाईचे सर्व पाइप गुंडाळून ठेवावेत. असा निर्णय गावाने स्वतः घेतला तर तो पाळला जातो.

वनराई बंधारे घालून, उतारावर चर खणून, झऱ्याच्या वरचे रान राखून पाणी दोन महिने अधिक टिकविता येते. ज्या पाड्यावर हे काम झाले असेल तेथे ही तिथी पुढे ढकलता येईल. नोझलचा उपयोग किती दिवस करावयाचा, हे अशा रीतीने दुकानात नव्हे तर शिवारात ठरते. बिनमोटरीच्या धारेला विजेचे बिल येत नाही, हे खरे आहे. पण तिची किंमत कोणी तरी देतच असते. ती किंमत उतार देत असेल तर धार सुखाने वापरावी. ती घरच्या लेकीसुनेची मान देत असेल तर खराटाच बरा.